पाय दुखत नव्हते

सिंदी रेल्वे या गावात बाबांचं शिवणकामाचं दुकान होतं. पॅन्ट शिवावी तर त्यांनीच, असं आसपासच्या गावांतले लोक म्हणत. दिवसभर गिऱ्हाइकांशी त्यांच्या गप्पा चालायच्या, पण वर्ध्याच्या डॉक्टरांसमोर बसले की तोंडातून शब्द फुटत नसे. शुगर निघाल्यापासून तपासणीला मीच त्यांना न्यायची. जायच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट, मोजे आणि एरवी फक्त लग्नकार्यात निघणारे बूट. त्याआधीचा आठवडाभर भात बंद, गोड बंद. म्हणायचे, "रिपोर्ट खराब आला तं साहेबाले वाईट वाटते."

डॉक्टर तरुण होते, पुण्याकडचे, मनानं चांगले. बाहेर बाकड्यांवर माणसं खोळंबलेली असायची. रिपोर्टवर नजर टाकून ते विचारायचे, "पाय दुखतात का, काका?"

"नाई साहेब, बिलकुल नाई."

"छान. गोळ्या चालू ठेवा."

खोटं त्यात काहीच नव्हतं. घरी मात्र बाबा आईला सांगायचे, "पायडल कुठं हाय, पायाले समजूनच नाई राह्यलं. खाली पाहा लागते." रस्त्यात चप्पल निसटायची आणि ते तसेच पुढे जायचे. मागून कुणीतरी ओरडायचं, "टेलरमामा, चप्पल राह्यली!" ते हसायचे, आम्हीही हसायचो. वय झालं, असं आई म्हणायची. ही डॉक्टरांना सांगायची गोष्ट आहे, असं घरात कुणालाच वाटलं नाही.

एका सकाळी आईला फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले. त्या ठिपक्यांच्या मागोमाग ती दुकानात गेली. बाबा मशीनवर वाकून कमरपट्टा लावत होते. आईनं त्यांचा उजवा पाय उचलून पाहिला. तळव्यात मोडकी सुई रुतलेली, भोवतीचं मांस काळं पडलेलं.

"काऊन सांगतलं नाई?" आई रडायलाच लागली.

"मलेच माईत नाई तं काय सांगू?"

पाऊल अर्धं काढावं लागलं. मशीन विकली. बाबा ओट्यावर बसून राहायचे. जुनी गिऱ्हाइकं कापड घेऊन यायची आणि चहा पिऊन परत जायची.

जखम भरल्यावर आम्ही पुन्हा त्याच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सगळे कागद पाहिले.

"पाय बधिर झालेत, हे कधी बोलला नाहीत, काका."

"तुमी दुखते का म्हून इचारलं साहेब. दुखत तं नव्हते."

डॉक्टर खुर्चीतून उठले, बाबांसमोर उकिडवे बसले आणि त्यांनी डाव्या पायाचा बूट-मोजा काढायला घेतला. बाबांनी घाईनं पाय मागे ओढला.

"पायाले हात नका लावू साहेब. मले बरं नाई वाटत."

"हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं मी," डॉक्टर म्हणाले. "आता डोळे मिटा. हात लागला की सांगा."

बाबांनी डोळे मिटले. डॉक्टरांनी बूट-मोजा उतरवून त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर बोट टेकवलं, मग तळव्यावर, मग टाचेवर. बाबा शहाण्या मुलासारखे वाट पाहत बसले होते.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "लावता ना साहेब हात?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा हात अजून टाचेवरच होता.