कंट्रोलमधली गावं

सर्व्हेचं काम केलं की फॉर्म पुण्याला जातात आणि किस्से आपल्यापाशी उरतात. मी आणि सुनंदा, दोघी डी.एड. होऊन बेकार, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस अशाच एका कामाला लागलो. घोडेगावात खोली, तिथून एसटीनं डोंगरातल्या शाळा. पोरांना वाचता येतं का, नसेल तर कशानं येईल, हे शोधायचं. आमचे सर महिन्यातून एकदा पुण्याहून जीपनं यायचे. माणूस तळमळीचा. म्हणायचे, "आकडे हातात आले ना, की सरकारला हलवतो!"

हे आठवून आम्ही आता हसतो. हसतो म्हणजे काय, तोंड उघडतो.

*

पहिल्याच पेपरात प्रश्न होता, 'आजोबा रोज सकाळी फिरायला का जातात?'

चौथीतली पोरगी पटकन म्हणाली, "गुरं हिंडवाया!"

दुसरा म्हणाला, "म्हस हरवली आसंल."

तिसरा विचारात पडला. "बाई, त्येंना कामधंदा न्हाई का?"

बरोबर उत्तर होतं, 'व्यायामासाठी'. तिघांनाही शून्य! मी सरांना म्हटलं, प्रश्न बदला. सर म्हणाले, "अहो, छापून झालेत."

*

एका शाळेत चार वर्ग, एक खोली, एकच गुरुजी. टेबलावर मतदारयाद्या, पोलिओचे तक्ते. त्यात आमचा फॉर्म.

सुनंदानं विचारलं, "गुरुजी, वाचन शिकवायला रोज किती वेळ मिळतो?"

गुरुजी मान वर न करता म्हणाले, "बाई, तुमी गेल्या की सांगतो!"

*

आमची रीत अशी, की काही गावांना पुस्तकं आणि शिकवायला एक ताई द्यायची. बाकीच्या गावांत नुसती परीक्षा घ्यायची, द्यायचं काहीच नाही. म्हणजे ताईनं फरक पडतो का ते कळेल. या दुसऱ्या गावांना सर 'कंट्रोल' म्हणायचे.

एका गावच्या बैठकीत सर बोलून गेले, "तुमचं गाव कंट्रोलमध्ये आहे."

लोक खूश! आमच्याकडं रेशनच्या दुकानाला कंट्रोलच म्हणतात. पुढच्या खेपेला आम्ही एसटीतून उतरलो, तर बाया कॅन घेऊन उभ्या. "रॉकेल कवा देताय?"

सुनंदाला खोटं बोलवेना. "मावशी, तुमच्या गावाला काहीच द्यायचं नाही असं ठरलंय."

मावशीनं कॅन कमरेवर घेतला. "त्ये तर आदीपास्नंच ठरलंय. नवीन काय त्ये सांगा!"

*

हौसा नावाची पोरगी परीक्षेला गैरहजर. घराला कुलूप. आईबापाबरोबर खाली कळंबला कांदा काढायला गेलेली. रविवारी आम्ही दोघी तिथं गेलो, बांधावर बसवून तिचा पेपर घेतला. हाताला माती, कागदाला माती, पण धडा काय घडाघडा वाचला राव!

सरांनी पेपर पाहिला आणि बाजूला ठेवला. परीक्षा शाळेतच घ्यायची, असा नियम. हौसापुढं 'गैरहजर' तसंच राहिलं.

सुनंदा भडकली. "सर, पोरगी हजर होती. शाळा गैरहजर होती!"

सर म्हणाले, "तसा कॉलम नाहीये."

*

दुसऱ्या वर्षी एका कंट्रोल गावाचे मार्क एकदम वर गेले. सर हैराण. चौकशी केली, तेव्हा कळलं की पाचवीतली सखू रोज डोंगर ओलांडून मामाच्या गावाला जाते. तिथं आमची ताई होती. सखू मामाच्या पोरांत बसून शिकायची आणि परत येऊन देवळात बारकी पोरं जमवून तेच शिकवायची.

सर देवळाच्या पायरीवर बसले. "दोन वर्षं पाण्यात गेली हो! आता या दोन गावांत फरकच दाखवता येणार नाही."

अजून एक वर्ष बाकी होतं. तेवढं तरी तिला थांबवा, म्हणाले. ते काम माझ्याकडं आलं.

मी सखूला बाजूला घेतलं. "सखू, मामाकडं शिकायला जाऊ नकोस. इथल्या पोरांनाही शिकवू नकोस. सर्व्हे संपेपर्यंत."

तिनं मान खाली घालून सगळं ऐकलं. मग हळूच म्हणाली, "बरं बाई. आन् आदी शिकिवलंय, त्ये परत घिऊ का?"