शल्हूबांच्या पेटीतलं एक मत

केफर-मज्दमध्ये मत पडद्याआड टाकतात, पण कुणी काय टाकलं ते दिवे लागायच्या आत गावभर होतं. पस्तीस वर्षांनी नगरपालिकेची निवडणूक लागली, तेव्हा वदाद शल्हूब चौसष्ट वर्षांची होती. लेबनॉनच्या या डोंगरउतारावर ती लग्न होऊन आली आणि तिचं नाव माहेरच्या नोंदीतून उचलून शल्हूबांच्या नोंदीत घातलं गेलं; माणूस कुठेही राहो, मत नोंदीच्या गावातच टाकायचं. नवरा गेल्यावर ते परत नेता आलं असतं. पण मग मुलगी निदा शल्हूबांच्या नोंदीत एकटी राहिली असती, म्हणून वदाद राहिली.

राहिली ती मोठ्या दिराच्या घरात, खालच्या तीन खोल्यांत. भिंती नवऱ्याने बांधलेल्या, कागद दिराच्या नावावर. दिराचं नाव शुक्री, पण थोरल्या मुलावरून सगळे त्याला अबू नखले, म्हणजे नखलेचा बाप, म्हणत. या वेळी तो सत्ताधारी यादीतून उभा होता. आणि निदा, शाळेत गणित शिकवणारी, लग्न न केलेली निदा, एकटीच उभी होती. झऱ्याचं पाणी वरच्या आळीला दिवसभर आणि त्यांच्या खालच्या आळीला तासभर का, एवढंच तिचं म्हणणं होतं.

मतदानाच्या सकाळी सात वाजता नखले दोन चिठ्ठ्या घेऊन आला. पंधरा-पंधरा नावं, छापील. नावं तीच, क्रम मात्र प्रत्येकीचा वेगळा. मोजणीच्या वेळी चिठ्ठ्या मोठ्याने वाचतात. नखले वही घेऊन बसणार आणि कोणत्या क्रमाची चिठ्ठी कुणाची, ते बघून खूण करणार. शल्हूबांच्या बायकांची पेटी वेगळी, त्यात एकसष्ट मतं. चूक व्हायला जागाच नव्हती.

"काकू, तुझी हबीबपासून सुरू होते. निदा, तुझ्यावर पहिला तौफीक बेकरीवाला, तिसरे बाबा."

"वा! स्वतःविरुद्ध मत द्यायला पहिला पाव कुठला, तेही ठरवून दिलंत!" निदा म्हणाली.

"बाबांनी सांगितलंय, उभी राहायची हौस होती, राहिलीस. आता घर सांभाळ." नखलेने तीन खोल्यांवरून नजर फिरवली. "दोन्ही चिठ्ठ्या आल्या, तर कुणी काही बोलणार नाही."

तो गेल्यावर वदादने विचारलं, "काय करणार आहेस?"

"चूल पेटवीन हिने," म्हणत निदाने चिठ्ठी कोटाच्या खिशात टाकली. "तू मात्र तुझी टाक, आई. तुझा राग नाही येणार मला. माझं एक मत तरी मला आहे."

पण वदादला तेच सलत होतं. निदाच्या प्रचाराची, एकच नाव छापलेली चिठ्ठी तिने आठवडाभर प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवली होती. हाताने नाव लिहिणं शक्यच नव्हतं. ब्राझीलला गेलेल्या पोरांना सगळ्या आयांची पत्रं तिनेच लिहिली होती. तिचं अक्षर गावात कुणीही ओळखलं असतं. पडद्याआड गेल्यावर तिने पुस्तक उघडलं, ती चिठ्ठी लिफाफ्यात घातली, आणि हबीबवाली चिठ्ठी पानांत दडवली. बाहेर आली तेव्हा ती पंचवीस वर्षांची असल्यासारखी चालत होती. दोन मतं, ती मनात म्हणाली. पोरगी एकटी दिसणार नाही.

संध्याकाळी शाळेच्या अंगणात सगळे जमले. खिडकीतून नावं ऐकू येत होती. बत्तिसावी चिठ्ठी निघाली. "निदा शल्हूब."

"अगं, एकच नाव आहे! ही तिचीच असणार!" कुणीतरी ओरडलं, आणि अंगण हसलं.

वदादने शेजारी उभ्या असलेल्या निदाचा हात धरला. आता दुसरी निघेल. चाळीस झाल्या, पन्नास झाल्या. सत्तावन्नावी वाचणाऱ्याने सुरू केली, "तौफीक मन्सूर..." आणि तिसरं नाव आलं, "शुक्री शल्हूब."

निदाचा हात वदादच्या हातातून अलगद सुटला.

"तू चूल पेटवणार होतीस," वदाद हळूच म्हणाली.

"आणि तू कुठे राहिली असतीस?" निदाचा चेहरा पांढरा पडला होता. "आई, मग ते एक मत..."

मागून कुणीतरी म्हणालं, "शिक्षिकाबाई, आईने पण हात वर केले का?" ते मत कुणाचं, कुणाला कळलं नव्हतं. खिडकीआड वही घेऊन बसलेला नखले सोडून.

अबू नखले निवडून आला. आठ वाजता तो खाली उतरला, खुर्चीत बसला आणि कॉफी मागितली. वदादने केली. पहिला घोट घेऊन तो म्हणाला, "साठ आल्या. पोरीची आली. शहाणी निघाली." मग कप ठेवला. "हबीबवाली नाही आली, वदाद."

"आम्ही जातो काका," निदा उठून म्हणाली. "बैरुतमध्ये खोली बघते."

"जा की. कोण अडवतंय?" तो शांतपणे हसला. "घर बदलेल. नोंद इथलीच राहील. सहा वर्षांनी दोघी याच पेटीपाशी याल, आणि तेव्हा मी स्वतः पडद्यापर्यंत सोडायला येईन."

तो जिना चढून वर गेला. वदादने कप धुतला, पुसला, खुंटीला लावला. मग प्रार्थनेच्या पुस्तकातून हबीबवाली चिठ्ठी काढून निदासमोर ठेवली. "हिने पेटव चूल," ती म्हणाली. "तासभर पाणी आलंय, भांडी भरून घेऊ."