पाच अक्षरांत बसणारं दुखणं

"आजी, पिशवी काढावी लागेल," कर्जतच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. "याला हिस्टरेक्टॉमी म्हणतात."

म्हंजे बाईची गर्भाची पिशवी ऑपरेशन करून काढून टाकायची. पाळी जाऊन मला पंधरा वर्सं झालेली, आनि चैतापासून परत अंगावरून जात व्हतं. सोनोग्राफी केली, म्हंजे पोटावर यंत्र फिरवून आतलं बघतात. पिशवीत गाठ दिसली. बाईंनी तो शब्द कागदावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिवला. "मुलाला दाखवा. आठ दिवसांत त्याला घेऊन या."

कागद मी पोलक्यात खोचला आनि आमच्या गावी कडावला उतरून तशीच शेतावर गेले. लावणी चालू व्हती. सांजेला कागद काढला तर शाई पसरलेली. पाचच अक्षरं वळखू येत व्हती. एच, वाय, टी, आर, एम. मी चौथी शिकलेली, पन एबीसीडी मला येते. नात प्राची लहान असताना तिच्याशेजारी बसून मीबी गिरवलेली.

जेवताना मुलगा दिलीप म्हणाला, "आये, काय लिवलंय डॉक्टरनं? कागद बघू."

"भिजला रं. सुकला की बघ."

मुलापुढं ते नाव काढायचं कसं? आमच्यात हे दुखणं बाया बायांनाबी सांगत नाय.

प्राची कॉलेजात जाते. तिच्या मोबाईलवर एक खेळ हाय. थोडी अक्षरं देतात, ती सगळी ज्यात येतील असा लांब इंग्रजी शब्द शोधायचा. अडली की ती दुसरीकडं अक्षरं टाकते, मंग शब्दांची यादीच येते. दुसऱ्या दिवशी पडवीत मी तिला माझी पाच अक्षरं दिली.

"आजी, यादी बघायची म्हंजे चीटिंग गं."

"असूं दे. लांबलांब वाच, आनि मराठीत सांग."

तिसराच शब्द डॉक्टरबाईंनी लिवलेला निघाला. प्राचीनं अर्थ वाचला. वाचताना तिचा आवाज बारीक झाला.

"पुढं वाच," मी म्हणाले.

"अरिथमिया. काळजाचे ठोके चुकतात तो आजार."

"हा चांगला हाय."

"आजार कधी चांगला असतो व्हय?" ती हसली. मंग माझ्या हातातल्या कागदाकडं तिची नजर गेली आनि तिचं हसू गेलं. मी म्हणाले, "कोनाला बोलू नको."

काळजाचं दुखणं चारचौघांत सांगता येतं, आनि कागदावरच्या पाच अक्षरांतबी बसतं. मी दिलीपला सांगितलं, सुनेला सांगितलं. सुनेनं हंडा हातातून काढून घेतला. शेजारची सुमन शहाळं घेऊन आली. मला खुर्चीत बसवून सगळी विचारपूस करीत, आनि मी मागच्या दारी जाऊन एकटी कपडे धूत व्हते. महिना असाच घालवला. खोट्या दुखण्याचा मान घेतला, खरं दुखणं अंगावर काढलं.

मंग दिलीप मला खोपोलीला काळजाच्या डॉक्टरकडं घेऊन गेला. प्राची बरोबर. ईसीजी काढला, म्हंजे छातीला वायरी लावून ठोक्यांची पट्टी काढतात. डॉक्टर म्हणाले, "काळीज ठणठणीत आहे. अरिथमिया कोण म्हणालं?"

दिलीपनं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं.

"मी," प्राची म्हणाली. "कागद भिजलेला. शब्द मी मोबाईलवर शोधला."

दिलीप तिला डॉक्टरपुढंच बोलला. "शिकलीस ती ह्याच्यासाठी? आजीच्या जिवाशी खेळतेस?" पोरीनं मान खाली घातली, पन माझं नाव घेतलं नाय. आनि मी ऐकत बसले. दुखण्याची लाज मला वाटायची ती कायच नव्हती. डॉक्टरपुढच्या स्टुलावर मी गप बसले, त्याची लाज अजून जात नाय.

बाहेर बाकड्यावर बसलो तरी प्राची डोळं पुशीत व्हती. तवा मी म्हणाले, "दिलीप, तिला बोलू नको. तिनं खरा शब्द वाचला व्हता. मीच पुढं वाच म्हणाले." प्राचीला म्हणाले, "बापाला दाखव गं तो."

त्यानं वाचलं. मंग म्हणाला, "आये, मी तुझ्याच पोटातून आलो ना? मला सांगायला काय झालं व्हतं?" आनि तिथूनच आमी कर्जतला डॉक्टरबाईंकडं गेलो.

बायॉप्सी झाली, म्हंजे आतला बारीक तुकडा काढून तपासतात. कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, मंग शेक घ्यायला लागले, म्हंजे यंत्राखाली निजवून किरणं देतात. मी बाईंना विचारलं, येळेवर आले असते तर शेक चुकले असते का? त्या म्हणाल्या, "ते मला सांगता येणार नाही, आजी. पण पुढच्या बाईला उशीर करू देऊ नका." आता मी तपासणीला जाते. चालते, खाते. प्राचीच्या पाया पडायला गेले तर ती पळाली. "येडी झालीस का आजी," म्हणाली.

सुमन बघायला आली. हळूच म्हणाली, "वैनी, काळजाचं झालं ना गं आपरेशन?"

"नाय. पिशवी काढली. अंगावरून जात व्हतं. मी तुमाला सगळ्यांना खोटं सांगितलं."

ती उठली नाय. मंग पदर चाळवीत म्हणाली, "मलाबी दोन महिनं झालं."

दुसऱ्या दिवशी मी आनि प्राची तिला घेऊन कर्जतला गेलो. तपासून झाल्यावर बाईंनी कागद दिला. सुमननं घडी घातली आनि पोलक्यात खोचायला गेली. मी तिच्या हातातून कागद घेतला आनि प्राचीच्या हातात दिला.