उपासाला सूर्यफुलाचे कंद

अमेरिकेतल्या नोव्हाय गावी एका हृदयरोगतज्ज्ञ काकांकडे २००५च्या कार्तिकी एकादशीला आम्ही जमलो होतो. उपासाला बटाटा चालतो, म्हणजे कुठलाही कंद चालतो, असा निकाल देऊन काकांनी परसातल्या रानटी सूर्यफुलाच्या कंदांची भाजी करवली होती. वाढण्याआधी भाषण झालं. हे झाड दरवर्षी जुन्याच कंदांतून उगवतं, माणसापेक्षा उंच होतं, थंडीने वाळलं की खणून आल्यासारखे गाठाळ कंद काढायचे. त्यांत स्टार्च नसतो, इन्युलिन असतं, मधुमेहींना उत्तम. मंत्र्यांचा शपथविधी याहून लवकर आटपतो.

पुण्याहून पहिल्यांदाच आलेल्या माझ्या आईने जिरं, मिरची आणि दाण्याचं कूट घातलेली ती गोडसर भाजी दोनदा घेतली. दोन तासांनी ती छातीवर हात दाबून सोफ्यावर बसली. कपाळावर घाम होता. वर्षापूर्वीच तिची अँजिओप्लास्टी झाली होती. मी ॲम्ब्युलन्ससाठी फोन उचलला.

काकांनी नाडी पाहिली, बीपी घेतलं, फुगलेलं पोट दाबून पाहिलं.

"ठेव तो फोन. गॅस आहे. इन्युलिन पचत नाही ना, आतड्यात वायू धरतो."

"तुम्हाला नाही त्रास झाला?"

"मी खिचडीच खाल्ली. मला ते कंद बाधतात."

मी फोन खाली ठेवला. आई सोफ्यावरूनच म्हणाली,

"एवढं भाषण केलंत डॉक्टर, त्यात हे एक वाक्य बसलं नाही?"