मंगेशचा खोकला

मडक्याला तिसरं भोक पडलं. पाणी माझ्या पाठीवरून खाली आलं.

मंगेशचा काका मागे उभा होता. म्हणाला, "एक पोर असतं तर बाईवर ही पाळी आली नसती."

मी मडकं मागे टाकलं. फुटलं.

हे काल दुपारचं. सकाळी माझा नवरा मंगेश गेला होता. बेचाळीस वर्षांचा होता. फुप्फुसं संपली होती.

लालबागच्या आमच्या चाळीत मंगेशचा खोकला सगळ्यांच्या ओळखीचा होता. अगदी लहानपणापासूनचा. दोनदा टीबीची औषधं झाली. टीबी नव्हता.

माझी सासू, आये, म्हणायची, "बापाशीन गिरणीत कापूस गिळल्यान, तो ह्येच्या छातीत इलो."

खरं कारण सापडलं ते भलत्याच दवाखान्यात.

लग्नाला सहा वर्षं झाली होती. मूल नव्हतं. माझ्या सगळ्या टेस्ट झाल्या, उपास झाले, गावच्या देवीला नवस झाले. मग एक दिवस कुणाला न सांगता मंगेश स्वतःच परळला जाऊन टेस्ट करून आला. रिपोर्ट घ्यायला मला बरोबर नेलं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "शुक्रजंतू जिवंत आहेत. पण हलत नाहीत."

"म्हणजे आमच्या ऑफिससारखंच," मंगेश म्हणाला.

त्या हसल्या नाहीत. "लहानपणापासून सर्दी-खोकला आहे का हो तुम्हाला?"

उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर त्याला खोकलाच आला.

त्यांनी कागदावर काढून दाखवलं. शुक्रजंतूच्या शेपटीच्या आत प्रथिनांच्या बारीक नळ्यांचा सांगाडा असतो. नळ्या एकमेकींवर सरकतात, म्हणून शेपटी हलते. मंगेशमध्ये त्यांना सरकवणारं प्रथिन जन्मापासूनच नव्हतं.

श्वासनळीत कफ वर ढकलणारे बारीक केस असतात. त्यांच्या आतही हाच सांगाडा. तेही हलत नव्हते.

"म्हणजे खोकला आणि हे, एकच?"

"एकच."

जिन्यावर तो मला म्हणाला, "आणि उपास तू केलेस."

सुईने शुक्रजंतू स्त्रीबीजात सोडता येतो. ते दोनदा केलं. दोनदा रुजलं नाही. पुढे श्वासच पुरेनासा झाला.

रिपोर्ट आला त्याच संध्याकाळी त्याने आयेला सगळं सांगितलं होतं.

"पुरुषात असली खोट नसता," ती म्हणाली.

चाळीत वांझ म्हणून माझंच नाव चालू राहिलं.

मग शेजारच्या काकींच्या सुनेचं डोहाळजेवण आलं. बायका एकेक करून तिची ओटी भरत होत्या. माझी पाळी आली. आयेने माझा हात धरला. "तू नको."

मंगेश गॅलरीत उभा होता. सगळ्या बायकांसमोर म्हणाला, "काकी, शेपट्या माझ्या हलत नाहीत. हिला भरू दे ओटी."

कुणीतरी हसलं. बाकीच्या खाली बघत राहिल्या. मी ओटी भरली नाही.

घरात आल्यावर तो आयेला म्हणाला, "माझा कोण खरा मानणत नाय. एकदा तू सांग सगळ्यांसमोर. खोट माझ्यात आसा."

"मी जिती आसय तवसर ह्या माझ्या तोंडातसून येवचा नाय."

त्यानंतर तो मधूनमधून विचारायचा. कधी चिडून, कधी मस्करीत. "आये, आज सांगतंस काय?" ती उठून भांडी घासायला लागायची.

परवा हॉस्पिटलमध्ये त्याने ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला आणि परत विचारलं. बोलायला खूप वेळ लागला.

आयेने मास्क जागेवर बसवला. पट्टी कानामागे नीट केली.

माझ्याकडे वळून तो म्हणाला, "मडकं तूच घे." हे शेवटचं.

आज सकाळी काका आला. दहाव्याचं ठरवायला. दार उघडं होतं, गॅलरीत चाळीतली माणसं उभी होती.

"पिंड कोण देणार?" काका म्हणाला. "हिची कूस उजवली असती तर हा प्रश्नच नव्हता."

आये भिंतीला टेकून बसली होती.

"खोट माझ्या झिलात होती," ती म्हणाली. "हिच्यात नाय. पिंड हीच देतली."

माझ्याकडे तिने बघितलं नाही. कुणाकडेच नाही.

मंगेश, आये बोलली.