बॅकअप कुणी थांबवला

हे मी घरात कधी बोललो नाही, बायकोजवळसुद्धा नाही. आज तुम्हाला सांगतोय — आजच का, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत मी कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख होतो. एका मोठ्या सर्व्हरच्या पोटात आमची सात-आठ व्हर्च्युअल मशीन चालायची — एक हिशेबाचं, एक गोदामाचं, एक वाटूरच्या चाचणी-प्लॉटवरच्या कपाशीच्या नोंदींचं. त्यांना चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे हायपरव्हायजर, बदलायचं ठरलं. एकेका मशीनची डिस्क नव्या पद्धतीत रूपांतरित करून नव्या सर्व्हरवर न्यायची. मालकांची अट एकच — दसऱ्याला नव्या सर्व्हरची पूजा, आणि त्याच्या आत जुना पुसून भोकरदनच्या शाखेला.

घाई होती. पण घाई कुणाला नसते?

बॅकअप, म्हणजे सगळ्या नोंदींची रोज राखीव प्रत काढायचं काम, शिवाजीकडे होतं. कुंभार पिंपळगावचा, मेंढपाळांच्या घरातला पहिला नोकरदार. जूनमध्ये काम सुरू झालं तेव्हा बॅकअपमुळे सगळं रेंगाळत होतं. मीच त्याला म्हणालो, "बंद ठेव."

"साहेब, बिलकुल बंद? मंग काही झालं तर?"

"मेंढरं मोजून राह्यला का तू? बंद कर म्हटलं ना."

हो — असंच म्हणालो होतो.

त्याच सुमारास कपाशीच्या मशीनचा मी एक स्नॅपशॉट, म्हणजे त्या घडीची गोठवलेली स्थिती, घेऊन ठेवला. स्नॅपशॉट घेतला की पुढचं सगळं वेगळ्या फाइलमध्ये लिहिलं जातं. रूपांतर करण्याआधी ती मूळ डिस्कमध्ये मिसळावी लागते. मी विसरलो. दसरा तोंडावर आला आणि मी नुसती मूळ डिस्क उचलली. मशीन सुरू झालं, लॉगिनचा पडदा दिसला — झालं, म्हणालो. आत उघडून पाहिलं नाही. जुना सर्व्हर स्वतःच्या हातानं पुसला. नव्याला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला.

सुट्टीनंतर चाचणीच्या मॅडमनी नोंदी उघडल्या. पेरणीशी संपत होत्या. उगवण, फुलं, बोंडं, कीड — अख्खा खरीप गेला होता.

मालकांच्या केबिनमध्ये आम्ही दोघं उभे. बॅकअप का नाही?

"साहेबांनी बंद ठेवायला सांगितल्तं," शिवाजी म्हणाला.

"मी? मी असं कशाला सांगेन?"

आवाज जरासुद्धा हलला नाही माझा. त्यानं माझ्याकडे पाहिलं — रागानं नाही, गोंधळून. मग खाली मान घालून म्हणाला, "मंग माझ्याच डोक्यात काही घोळ झाला आसंल."

तुमच्या लक्षात येतंय ना? त्यानं स्वतःच्या आठवणीपेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला. त्याच दिवशी त्याला काढलं. स्नॅपशॉटचं कुणी विचारलंच नाही. मी पुढे शाल-श्रीफळ घेऊन निवृत्त झालो.

मागच्या वर्षी तो भोकरदनच्या स्टँडवर भेटला. माझी पिशवी हातातून घेतली, चहा पाजला. गावाकडं मेंढरंच बघतो म्हणाला. कॉम्प्युटरला हात लावायची भीती बसली. "साहेब, कितीदा आठवून पाह्यलं. तुमी सांगितल्तं, आसंच आठवतं. आसं कसं हो झालं?"

मी म्हणालो, "होतं असं कधीकधी." आणि बसमध्ये चढलो.

त्याला बरोबर आठवत होतं. मलाही — केबिनमध्ये, आणि त्या स्टँडवरही.