मकसूदभाईंचा डावा पाय

माणसाची पारख कुणी चपलेवरून करतं, कुणी चहा पिण्याच्या पद्धतीवरून. मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीतले मकसूदभाई ती गाडीच्या क्लच प्लेटवरून करत, आणि अडतीस वर्षांत त्यांच्या परीक्षेत जेमतेम दोन माणसं पास झाली होती.

धंदाच क्लचचा. बटाट्याचे टेम्पो, कांद्याचे ट्रक, झालंच तर आडत्यांच्या मोटारी. गिअरबॉक्स उतरवायचा, झिजलेली प्लेट काढायची, नवं अस्तर रिव्हेटांनी ठोकून बसवायचं. काढलेली प्लेट मकसूदभाई आधी उजेडात धरत, मग नखानं खरवडत, मग तिचा वास घेत, आणि मग मालकाकडे असे बघत की मालकाला आपण घरी कुणाला मारहाण वगैरे करतो की काय अशी शंका येई. "फोनवर बोलताना पाय क्लचवर ठेवता," ते सांगत. किंवा, "दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उचलता. आळशी आहात." सदाशिव पेठेतले एक क्लासवाले गणिताचे सर पेट्रोल वाचवायला उतारावर इंजिन बंद करत आणि उतार संपला की क्लच सोडून गाडी परत चालू करत. त्यांना मकसूदभाईंनी एकच प्रश्न विचारला होता: मुलांना नेमकं काय शिकवता?

दुकानाच्या भिंतीवर खिळ्यांच्या तीन रांगा होत्या. निरोप दिलेल्या प्लेटा तिथं लटकत, खाली खडूनं मालकाचं नाव. मधली रांग सामान्य जनतेची. वरच्या रांगेत दोनच प्लेटा: एक नगरहून कांदा आणणाऱ्या सोनबाची, दुसरी एका निवृत्त नर्सबाईंची. खालच्या रांगेत जळून निळ्या पडलेल्या प्लेटा, आणि त्यातही अगदी कोपऱ्यातला शेवटचा खिळा ड्रायव्हिंग स्कूलच्या गाड्यांसाठी राखीव. "ह्या प्लेटा नाहीत, हे पापड आहेत," मकसूदभाई म्हणत. स्कूलवाल्यांशी ते मान वर करूनही बोलत नसत.

एवढा सगळ्या पुण्याच्या डाव्या पायांचा तिरस्कार करणाऱ्या ह्या माणसाला स्वतःला गाडी चालवता येत नव्हती.

झालं असं की एकोणिसाव्या वर्षी, दुकानात लागून चार दिवस होत नाहीत तोवर, त्यांच्या उस्तादांनी त्यांना एक टेम्पो जरा मागं घ्यायला सांगितला. टेम्पो मागं गेला नाही, पुढं गेला, आणि कलिंगडांच्या ढिगात शिरला. उस्ताद फक्त एवढंच म्हणाले की तू आपला रिव्हेटच ठोक. मकसूदभाई ठोकत राहिले. तेव्हाच कुणाला सांगितलं असतं तर हसण्यावारी गेलं असतं. दहा वर्षांनी सांगणं अवघड झालं. वीस वर्षांनी, सगळं मार्केट यार्ड 'उस्ताद' म्हणायला लागल्यावर, ते अशक्यच झालं. घरून दुकानात ते सायकलवर येत आणि विचारलं तर तब्येतीचं कारण सांगत. काम झाल्यावर गाडीची ट्रायल घ्यायचा भैरू, जो पूर्वी टेम्पोवर ड्रायव्हर होता. भैरू गल्लीतून गाडी फिरवी आणि मकसूदभाई दारात डोळे मिटून नुसते ऐकत. लोकांना वाटे, केवढी ही विद्या! पाय न लावता कळतं. खरी गोष्ट भैरूला ठाऊक होती आणि मुलगी आबेदाला. आबेदानं मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला. दुकानातला कॉम्प्युटर आणि परदेशी पार्ट मागवणं तिच्याकडे. तिला बारा वर्षांची असतानाच कळलं होतं, आणि तिनं कधी विषय काढला नव्हता.

तर अशा दुकानात एका मंगळवारी दिगंबर आला. कात्रजच्या पलीकडचं त्याचं गाव महापालिकेत आलं, तसे वडील आप्पासाहेब शेतकऱ्याचे एकदम जमीनमालक झाले. दिगंबरनं एक छोटी तांबडी गाडी घेतली, तिला टर्बो लावला, आणि पुण्यातले आवाज कमी पडतात की काय अशा काळजीनं सायलेन्सरही बदलला. वर्षातून दोनदा तो ती दक्षिणेतल्या शर्यतीच्या एका खऱ्या ट्रॅकवर नेई. इंजिनाची ताकद वाढली, जुनी प्लेट घसरायला लागली, आता मोठा क्लच हवा होता.

"चाचा, सिक्स पक पायजे," तो म्हणाला. "फुल रेस स्पेक. ग्रुपमधल्या सगळ्यांनी तेच टाकलंय."

मकसूदभाईंनी जुनी प्लेट काढून उजेडात धरली. नखानं खरवडली. वास घेतला. मग त्यांनी विचारलं की ही गाडी उरलेले दिवस कुठं असते. दिगंबरनं जरा लाजून सांगितलं, की मंगळवार-शुक्रवार आईला गुडघ्याच्या व्यायामाला सदाशिव पेठेत न्यावं लागतं. बाकी रोज आपलं कात्रज ते स्वारगेट.

"म्हणजे दोन दिवस ट्रॅक आणि तीनशे त्रेसष्ट दिवस कात्रजचा चौक," मकसूदभाई म्हणाले.

मग आबेदानं त्याला नीट समजावलं. साध्या प्लेटला भाकरीच्या कडेसारखं सलग गोल अस्तर असतं. क्लच सोडला की ते हळूहळू पकडतं. सिक्स पकला अस्तराऐवजी सिरॅमिकचे सहा तुकडे, शंकरपाळ्यांसारखे सुटे. ते भयंकर तापले तरी धरून ठेवतात, म्हणून शर्यतीला उत्तम. पण त्यांना हळूहळू हा प्रकार माहीत नाही. एक तर धरणार, नाही तर सोडणार. त्यापेक्षा सलग अस्तराची, मधे धक्के पोटात घेणाऱ्या स्प्रिंगा असलेली प्लेट घ्यावी आणि तिला दाबणारं कव्हर जरा कडक घ्यावं. ट्रॅकवरही टिकेल, आणि आईंचा गुडघाही.

एवढ्यावर थांबले तर ते मकसूदभाई कसले. ते म्हणाले की क्लच म्हणजे इंजिन आणि चाक यांच्या लग्नातला मध्यस्थ. मध्यस्थानं गोडीनं गाठ घालून द्यावी. हा सिक्स पक म्हणजे वधूवरांना जीपमध्ये कोंबणारा हवालदार आहे. आणि दिगंबरशेठ, ही तुमची प्लेट सांगते की तुम्हाला साध्या मध्यस्थाशीही वागता येत नाही. सिग्नलला गाडी क्लचवर तोलून धरता, ब्रेक झिजेल म्हणून. असल्या पायाला हवालदार पेलत नसतो.

दिगंबरला गावात असं कुणी बोललं नव्हतं, निदान जमीन विकल्यापासून तरी. त्यानं सिक्स पकच बसवायला सांगितला. आबेदानं वडिलांकडे पाहिलं, वडिलांनी खांदे उडवले, आणि पार्ट मागवला गेला.

तीन आठवड्यांनी तो बसला. नेमका त्याच सुमारास भैरूचा मोतीबिंदू काढला होता. काळा चष्मा घालून तो स्टुलावर बसून असायचा, आणि गाडी चालवायला डॉक्टरची सक्त मनाई. दिगंबर गाडी न्यायला आला तेव्हा आबेदा किल्ली घेऊन निघाली.

"ताई, थांबा," दिगंबर म्हणाला. तीन आठवडे त्यानं हे वाक्य घोळवलं असणार. "माझ्या पायाला हवालदार पेलत नाय ना? मग ट्रायल चाचाच घेतील. उस्तादाचा पाय बघू द्या की आम्हाला. नायतर गाडी हितं ठेवून फायदा काय?"

गल्लीतले हमाल हातगाड्या टेकवून उभे राहिले. समोरचा टोमॅटोवाला गल्ल्यावरून उठून बाहेर आला. अडतीस वर्षं ऐकून घेतलेली ही सगळी माणसं होती. त्यांतल्या निम्म्यांची नावं भिंतीवर खालच्या रांगेत होती. मकसूदभाईंनी हात पुसले. बोटं स्वच्छ झाल्यावरही पुसत राहिले. तब्येत बरी नाही म्हणावं, तर सकाळीच त्यांनी एकट्यानं गिअरबॉक्स उचलताना सगळ्यांनी पाहिलं होतं. नाही म्हणावं, तर उद्यापासून भिंतीवरच्या त्या नावांना काय अर्थ उरला?

भैरूनं काळ्या चष्म्याचं तोंड भिंतीकडे वळवलं.

मकसूदभाई गाडीत बसले. सीट इतकी खोल की त्यांना बोनेटऐवजी आभाळ दिसायला लागलं. त्यांनी आरसा नीट केला. मग दुसरा आरसा नीट केला. मग किल्ली फिरवली, आणि आयुष्यभर ज्याची शस्त्रक्रिया केली त्या क्लचवर, आयुष्यात दुसऱ्यांदा, डावा पाय ठेवला. पेडल त्यांना वाटलं होतं त्याच्या दुप्पट जड निघालं. पाय उचलला. गाडीनं कोकरासारखी एक उडी मारली आणि जागच्या जागी मेली.

हमाल हसले नाहीत. त्यांना वाटलं, ही काहीतरी तपासणी आहे. दुसऱ्यांदा उडी जरा लांब पडली. तिसऱ्यांदा गाडी टोमॅटोच्या रिकाम्या क्रेटांना जाऊन टेकली. वरचे दोन क्रेट बोनेटवर पडले आणि तिथंच बसून राहिले. आता मात्र कुणीतरी तोंडात गमछा धरला.

मकसूदभाई स्टीअरिंगवर हात ठेवून बसले होते. कलिंगडांचा वास त्यांना स्पष्ट आला. वाटलं, सांगून टाकावं, की मला येत नाही, कधीच येत नव्हतं. तोंड उघडलंही. पण काचेतून दिगंबरचा चेहरा दिसला, आणि तो हसत नव्हता, घाबरला होता. त्या चेहऱ्याकडे बघून मकसूदभाईंना जुनी सवय आठवली. ते खाली उतरले, दार लावलं, आणि अत्यंत तुच्छतेनं त्याच्याकडे पाहिलं.

"पाहिलंत?" ते म्हणाले. "अडतीस वर्षं क्लचमध्ये घालवलेल्या माणसाच्या पायात ही तीनदा बंद पडली. कात्रजच्या चौकात, शेजारी आईसाहेब गुडघा धरून बसलेल्या असताना, तुमच्या पायात किती वेळा पडेल, तो हिशेब तुम्ही करा."

यातला शब्दन्‌शब्द खरा होता.

दिगंबर स्वतः बसला. एकदा बंद पाडली, दुसऱ्यांदा असा हिसका दिला की डोक्यावरचा गॉगल मागच्या सीटवर गेला. तिसऱ्यांदा गाडी गेली खरी, पण गल्लीच्या टोकाहून परत आली ती थरथरत, आणि दिगंबरही. "काढा चाचा ही," तो म्हणाला. "ताई सांगतायत ती टाका." हमाल माना डोलवत पांगले. उस्तादानं स्वतःची अब्रू पणाला लावून पोराचा गैरसमज काढला, असं टोमॅटोवाला पुढं महिनाभर सांगत होता.

दुकानात सामसूम झाल्यावर भैरूनं चष्म्याआडून विचारलं, "उस्ताद, पाय क्लचवरच व्हता ना?"

मकसूदभाई उत्तर द्यायच्या आत आबेदा म्हणाली, "अब्बा, सोमवारपासून सकाळी सात वाजता. कात्रजला एक ड्रायव्हिंग स्कूल आहे. मी नाव घातलंय."

जगात ज्या एका जमातीशी ते बोलतही नसत, तिच्या दारात त्या सोमवारी मकसूदभाई सायकलवरून जाऊन उभे राहिले. शिकवायला कुसुम नावाच्या बाई होत्या, वय पस्तिशीचं, आवाज दूध डेअरीच्या रांगेला शिस्त लावणाऱ्याचा. त्यांनी आधी धंदा विचारला. मकसूदभाईंनी बटाट्याचा सांगितला. पहिल्या दिवशी गाडी अकरा वेळा बंद पडली. दुसऱ्या दिवशी पडली नाही, कारण मकसूदभाईंनी क्लच पूर्ण सोडलाच नाही. अर्धा दाबून धरून अख्खी फेरी मारली आणि आत पापड भाजल्याचा वास दरवळला. तो वास कसला, हे मार्केट यार्डात त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"काका," कुसुमबाई शांतपणे म्हणाल्या, "एवढ्या वर्षांत इतका मठ्ठ डावा पाय मी पाहिला नाही. बटाटे तुम्ही पायानं निवडता का?"

मकसूदभाई ऐकून घेत राहिले. दोन महिन्यांत त्यांनी एवढं ऐकून घेतलं जेवढं अडतीस वर्षांत कुणाला ऐकवलं नव्हतं, आणि परीक्षा पास झाले. लायसन्स पाकिटात ठेवलं. कुणाला दाखवायची सोय नव्हती. सगळ्यांच्या मते ते असणारच होतं.

दिगंबरची गाडी आता मुकाट्यानं सदाशिव पेठेत जात होती आणि ट्रॅकवरूनही धड परत आली होती. त्याचे ग्रुपवाले एकेक करून सिक्स पक काढायला आबेदाकडे येत होते. अशाच एका सकाळी मकसूदभाई एका टेम्पोखाली आडवे होते, बाहेर फक्त पाय. गल्लीत एक गाडी आचके देत येऊन थांबली. आबेदा म्हणाली, या, काय होतंय गाडीला? बाईचा आवाज म्हणाला की क्लच घसरतोय, कुणीतरी ह्या दुकानाचं नाव सांगितलं. मग आवाज थांबला, आणि चपला टेम्पोच्या दिशेनं आल्या.

"हा डावा पाय मी कुठंही ओळखीन," कुसुमबाई म्हणाल्या.

मकसूदभाई सावकाश बाहेर सरकले. भैरूला अचानक खोकल्याची उबळ आली. कुसुमबाईंनी दुकानाकडे पाहिलं, रिव्हेटच्या मशीनकडे पाहिलं, भिंतीवरच्या तीन रांगा वरपासून खालपर्यंत नावांसकट वाचल्या.

"बटाट्याचा धंदा बरा चाललाय," त्या म्हणाल्या.

मकसूदभाईंनी त्या दिवशी हातातलं सगळं काम बाजूला ठेवून ड्रायव्हिंग स्कूलची, ते स्वतः जिच्यावर शिकले ती, गाडी आधी घेतली. प्लेट निघाली, काळीनिळी, कडेला तडकलेली. त्यांनी ती उजेडात धरली नाही, नखानं खरवडली नाही, वास तर नाहीच नाही. सरळ नेऊन खालच्या रांगेतल्या कोपऱ्यातल्या खिळ्याला अडकवली, खडू उचलला आणि तसेच उभे राहिले.

आबेदानं त्यांच्या हातून खडू घेतला आणि प्लेटखाली ठळक अक्षरांत लिहिलं: अब्बा.

समोरचा टोमॅटोवाला दुपारी चहाला आला, त्यानं ते वाचलं आणि मकसूदभाईंकडे पाहिलं. मकसूदभाईंच्या हाताशीच ओला फडका होता. त्यांनी तो घेतला, आणि गिअरबॉक्स पुसायला बसले.